सुखदेवची गेलेली फीत

सुखदेव,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी उभा राहून बोललो. हे तुला दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगतो.

तू हसला असतास. आयुष्यभर शाळेत शिपाई होतो, घंटा वाजवली, पाहुण्यांच्या खुर्च्या मांडल्या, पण माइकसमोर कधी उभा राहिलो नाही. आणि आता लिहितोही आहे, तेही असं पुस्तकातल्यासारखं. शाळेच्या ग्रंथालयातली पुस्तकं वाचून माझी भाषा बदलत गेली, तेव्हा तू ढाणकीच्या भर बाजारात मला म्हणाला होतास, "माधवा, तोंड आपलं अन् बोलणं मास्तराचं. काहून असं करून राह्यला बे?" तोंडानं मी अजूनही आपलंच बोलतो. हाताला मात्र असंच लिहायची सवय लागली आहे, ते सांभाळून घे.

तुझ्या मिलिंदनं कार्यक्रमाची पत्रिका छापली, त्यात तुझ्या नावाखाली 'निवृत्त सैनिक' असं होतं. मांडवात माझ्या शेजारी बसलेल्या एका तरुण पोरानं विचारलं, आजोबा कोणती बंदूक चालवत होते? तुला हा प्रश्न जन्मभर लोकांनी विचारला आणि तू जन्मभर एकच उत्तर दिलंस, की बंदूक होती खांद्यावर, पण चालवली ती खच्चर. लोक हसायचे. तूही त्यांच्याबरोबर हसायचास. मला मात्र त्या हसण्यात सामील व्हायला कधी जमलं नाही, कारण मीही तेच केलं होतं आणि गावात मी ते कधी उघड सांगितलं नाही.

आपण दोघं फुलसावंगीत एकाच शेतकऱ्याकडे सालदार होतो. मी कुणब्याच्या घरचा, पण बापाच्या नावावर धूळसुद्धा नव्हती. तू बौद्धवाड्यातला. बैलांच्या दोन जोड्या, एक तुझी, एक माझी. वखरणी, डवरणी, पऱ्हाटीचा सगळा पसारा आपण खांद्याला खांदा लावून ओढायचो आणि दुपारी भाकरी खायला मात्र तू बाभळीखाली अन् मी विहिरीजवळ. कोणी सांगितलं नव्हतं. मी विहिरीकडे चालायला लागायचो आणि तू बाभळीकडे वळायचास, इतकंच. तुझी एक गोष्ट तेव्हापासून पाहत आलो. अडलेल्या बैलावर तू तुतारीची काठी उगारायचा नाहीस. त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटायचास आणि तो उठायचा. काय सांगतोस, विचारलं तर म्हणायचास, "त्याले म्हणतो, तू बी सालदार, मी बी सालदार."

मालकाची कापसाची बैलबंडी घेऊन आपण उमरखेडला गेलतो, तिथे कोणाकडून तरी कळलं की यवतमाळला फौजेची भरती आहे. तू दोन दिवस काही बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी डवरा धरल्या धरल्या म्हणालास, जाऊ या. मी कशाला आलो, ते आजही नीट सांगता येत नाही. तू चाललास म्हणून आलो असंच असावं.

भरतीच्या साहेबानं तुझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि हिंदीत विचारलं, जनावर सांभाळलंस का कधी? तू म्हणालास, "साब, जनावरानंच मले सांभाळलं." त्याला किती कळलं कोण जाणे, पण आपल्या दोघांच्याही कागदावर 'ड्रायव्हर' असं लिहिलं गेलं. गावात ही बातमी पोहोचली तेव्हा तुझ्या आईनं वाड्यात गूळ वाटला. पोरगं मिलिटरीचा ट्रक चालवणार. आपल्यालाही तेच वाटत होतं. ट्रेनिंगला गेलो तेव्हा हवालदारानं आपल्या हातात स्टिअरिंगऐवजी एक दोर दिला, आणि दोराच्या त्या टोकाला कान मागे टाकून एक खेचर उभं होतं. तू माझ्याकडे पाहिलंस. मला रडू फुटायच्या बेतात होतं. तू मात्र खुश झालास. म्हणालास, "चांगलं झालं गड्या. ट्रक माह्यं ऐकला नसता."

त्या खेचरीला खुरावरच्या नंबराशिवाय नाव नव्हतं. तू तिला शेवंती म्हणायला लागलास. ती आधी दोघांना लाथा मारून दवाखान्यात पाठवून बसलेली होती. आपला उस्ताद हरियाणाकडचा, तो म्हणायचा, की खच्चरला फक्त दोनच भाषा समजतात, हिंदी आणि काठी. तू तिच्याशी वऱ्हाडीत बोलायचास. चाल माय, घसरशीन, पाय पाहून टाक, असं चालू असायचं. पंधरा दिवसांनी ती तुझ्या मागे दोर न ताणता चालायला लागली, तेव्हा त्या उस्तादानं तुला बोलावून, आपल्याला ही भाषा शिकव, असं अगदी गंभीरपणे सांगितलं. वाट्याची रम तू कधी प्यायला नाहीस. ती देऊन बदल्यात गूळ घ्यायचास आणि शेवंतीच्या तोंडात घालायचास. रमची ही गोष्ट मी मुद्दाम लिहितो आहे. पुढे तिचं काम आहे.

आणि लंगर. पहिल्या दिवशी आपण दोघं थाळ्या घेऊन रांगेत उभे राहिलो. वाढून झाल्यावर सवयीनं मी एकीकडे वळलो, तू दुसरीकडे. मागून ओरडा आला, की सगळे एका ओळीत बसा. आपण मांडीला मांडी लावून बसलो. किती दिवसांपासून एकत्र राबत होतो, पण तुला जेवताना मी त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिलं. तू घास फार हळू खायचास.

लढाई लागली तेव्हा आपण काश्मीरच्या डोंगरात होतो. एकाहत्तरचा डिसेंबर. तोवर तुझ्या बाहीवर लान्स नाईकची एक फीत आली होती आणि तू गावच्या घरी लावायला फोटो काढून पाठवला होतास. आपलं काम ठरलेलं. खालच्या तळावर दारूगोळ्याच्या पेट्या खेचरांवर लादायच्या, दोन्ही बाजूंना सारखं वजन, आणि वरच्या चौकीवर नेऊन द्यायच्या. जिथे गाडी जात नाही आणि माणसाच्या पाठीला ते वजन पेलत नाही, तिथे आपण. एरवी दिवसा निघत नव्हतो, कारण समोरच्या डोंगरावरून सगळी वाट दिसायची. त्या दिवशी ढग इतके खाली उतरले होते, की दुपारचं जेवण झाल्यावर लगेच निघायचा हुकूम आला. बारा खेचरं, बारा माणसं, एकामागे एक. पुढे हवालदार. मी शेवटून दुसरा. सगळ्यात शेवटी तू, फितीवाला म्हणून.

ढगातही समोरच्या शत्रूनं अंदाजानं तोफ डागली. गोळा वाटेच्या खाली पडला आणि माझ्या पायाखालची वाटच सरकली. माझं खेचर पेट्यांसकट खाली दरीत गेलं. त्याला मी नाव दिलं नव्हतं, ही गोष्ट मला म्हातारपणी टोचायला लागली. मी वाटेपासून पुरुषभर खाली एका कपारीत अडकलो. उजव्या पायावर दगड, बूट फाटलेला, त्यात बर्फ भरलेला. पुढची रांग थांबली नाही. थांबायचंच नव्हतं. त्या वळणावर कोणी थांबायचं नाही, जखमी झाला तर त्याला आडोशाला ठेवायचं आणि स्ट्रेचरवाले मागून येतील, असा नियम होता.

तू वाकून पाहिलंस. मी दिसलो. तू म्हणालास, "हालू नको. स्ट्रेचरवाले येतीन. मी वर जाऊन सांगतो." आणि तू शेवंतीला घेऊन पुढे निघालास. नियमाप्रमाणे निघालास. वीसेक पावलं गेला असशील.

आता जे लिहितो ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

मी ओरडलो. "मले टाकून जाऊ नको, सुखदेव. मी मरून जाईन इथं." एकदा नाही, तीन-चारदा. आईचं नाव घेतलं. तुझ्या आईचंही घेतलं. मी पूर्ण शुद्धीत होतो, थंडीनं दात वाजत होते आणि मला एकटं राहायचं नव्हतं. तू थांबलास. पाठमोराच उभा राहिलास बराच वेळ, म्हणजे मला तो बराच वाटला. वर पाहिलंस, जिथे रांग ढगात शिरत होती. मग शेवंतीला वळवलंस.

तू तिच्यावरच्या पेट्या सोडल्यास. एका खडकाच्या पोकळीत नीट ठेवल्यास आणि वर स्वतःचं कांबळं पसरलंस. मग कपारीत उतरून तो दगड हलवलास, आपला मफलर माझ्या पायाला गुंडाळलास आणि मला पालाणावर बसवून खाली निघालास. दीड-दोन तास उतार. माझ्याशी तू एक शब्द बोलला नाहीस, सगळं बोलणं शेवंतीशी. तळावर मला डॉक्टरच्या तंबूत सोडलंस, शेवंतीला पाणी दाखवलंस, आणि पुन्हा वर निघालास. अंगावर कांबळं नाही, गळ्यात मफलर नाही. तंबूच्या फटीतून मी तुझी पाठ पाहिली. त्या पेट्या तू अंधार पडल्यावर वर पोहोचवल्यास. उशीर झाला होता. त्या दिवशी वरच्या चौकीवर हल्ला झाला नाही, म्हणून आपण दोघं पुढे इतकी वर्षं चहा पीत बसू शकलो. झाला असता तर काय, हा विचार तूही केला असशील. मी तर रोजच केला आहे.

माझ्या पायाची तीन बोटं कापली. लढाई संपल्यावर दवाखान्यात एक कॅप्टन साहेब कागद घेऊन आले. चांगला माणूस होता. खाटेशेजारी स्टूल ओढून बसले. हुकूम नसताना लान्स नाईकनं दारूगोळा वाटेवर टाकला, याची चौकशी होती. त्यांनी मला सरळ विचारलं, तू होश में था? तूने उसे बुलाया था?

मी म्हणालो, "साब, मुझे कुछ याद नहीं. होश नहीं था."

ते लिहून घेताना त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग माझा अंगठा नको म्हणाले, सही करता येते ना. मी सही केली.

का केलं? भीती. मी ओरडलो, रडलो, तुला कर्तव्यावरून मागे ओढलं, हे कागदावर आलं तर मी भित्रा ठरेन, आणि ते गावात कळेल. तेव्हा तुझी फीत माझ्या मनातही आली नाही. साहेबांबरोबरचा क्लार्क जाताना मला धीर द्यावा तसा म्हणाला, की घाबरू नको, तुझ्या मित्रानंही असंच लिहून दिलंय, अपनी मर्ज़ी से लौटा. म्हणजे तू आधीच माझी हाक तुझ्या जबाबातून काढून टाकली होतीस. मी काही बोलायच्या आधीच तू मला वाचवून ठेवलं होतंस. मला एवढंच करायचं होतं की खरं सांगायचं. जखमी माणसानं हाक मारली आणि हा गेला, एवढं जरी आलं असतं तरी त्या साहेबांनी ते वेगळ्या नजरेनं पाहिलं असतं. मला त्यांच्या चेहऱ्यावरून तसं वाटलं होतं.

तुझी फीत काढली.

मी काठी टेकत आधी गावी आलो, मग ढाणकीला शाळेत लागलो. तू पुढच्या वर्षी सुट्टीवर आलास. युनिफॉर्मच्या बाहीवर जिथे फीत होती तिथलं कापड बाकीच्यापेक्षा गडद राहिलं होतं, आणि घरात भिंतीवर फितीचा फोटो. लोकांनी दोन्ही पाहिलं. गावातल्या ओट्यावर कोणीतरी म्हणालं, रम पिऊन धिंगाणा घातला असणार. आठ दिवसांत गावाचं ते पक्कं झालं. तुझ्याबद्दल ते मानायला गावाला काही कष्ट पडले नाहीत. माझ्याबद्दल कोणी असं बोललं असतं, तर चार जणांनी पुरावा मागितला असता. असं काहून, ते तुलाही माहीत होतं आणि मलाही. तू उलटून एक शब्द बोलला नाहीस. मी तर त्या ओट्यावर बसलेलोच होतो.

नोकरीची वर्षं पुरी करून तू परत आलास, बटईनं शेत केलंस, नंतर स्वतःचं थोडं घेतलंस. दर बाजाराच्या दिवशी ढाणकीला यायचास आणि स्टँडसमोरच्या हॉटेलात आपलं एकच भांडण चालायचं. हॉटेलवाल्यालाही ते पाठ झालं होतं. मी म्हणायचो, तू मला सोडून पेट्या घेऊन वर जायला पाहिजे होतं. तू म्हणायचास, "गेलतो ना मंग." मी म्हणायचो, उशिरा गेलतास. "उशिरा तं उशिरा. पेट्यायले थंडी वाजत नाही." मी फौजेचे नियम सांगायचो, तू बशीत चहा ओतायचास. फितीचं नाव त्यात कधी निघायचं नाही. ऐकणाऱ्याला वाटायचं, काय कडक शिस्तीचा माणूस आहे हा माधव, स्वतःच्या जिवापेक्षा हुकूम मोठा मानतो. लोकांना तेच वाटावं असं मला हवं होतं, सुखदेव. ते भांडण मी मुद्दाम चालू ठेवलं होतं. तू ते चालू दिलंस.

एक दिवस मात्र मी विसरूच शकत नाही. मिलिंद तेव्हा विशीत होता आणि संगतीनं प्यायला लागला होता. मी तुझ्या घरी आलो होतो. तू त्याला समोर बसवून समजावत होतास, आवाज न चढवता. तो एकदम म्हणाला, "तुम्ही दारूपायी फीत घालवली, अन् मले कायले शिकवून राह्यले?" रत्नावहिनी चुलीजवळ होत्या. त्यांचा हात थांबला. तू माझ्याकडे पाहिलंस. क्षणभरच. त्या नजरेत मागणं नव्हतं. तू फक्त पाहिलंस, मी काय करतो ते. माझ्या हातात कप होता. मी घोट घेतला.

तू खाली पाहिलंस आणि मिलिंदला म्हणालास, "माह्यं गेलं ते गेलं. तुह्यं जाऊ नये म्हणून सांगतो." तो पुढे दोन वर्षं पीत राहिला. मग सुटली. कशी सुटली ते तुलाच माहीत, तू त्याच्याबरोबर रोज शेतात राबलास. पण ती दोन वर्षं माझ्याकडे लागतात.

आणि दोन वर्षांपूर्वी, त्याच हॉटेलात, तू आपणहून दार उघडून दिलंस. आपलं नेहमीचं भांडण संपत आलं होतं. तू म्हणालास, "माधवा, त्या दिशी तू खालून काय म्हणलतं मले, आठवते का?"

इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा विचारलंस. तुझे डोळे तेव्हा मोतीबिंदूनं धुरकट झाले होते, तरी तू बरोबर माझ्या तोंडाकडे पाहत होतास. मी म्हणालो, "नाही आठवत."

तू बशी खाली ठेवलीस. मग म्हणालास, "मले बी नाही आठवत आता." आणि उठलास, गाडी लागली होती.

त्यानंतरही आपण भेटत राहिलो. पण ते भांडण तू पुन्हा केलं नाहीस. मी एक-दोनदा सुरू करून पाहिलं, तर तू म्हणालास, "जाऊ दे ना. लय झालं." मला वाटलं वय झालं, थकला. आता वाटतं, तू ती जागा माझ्यासाठी मोकळी ठेवली होतीस आणि मी ती भरली नाही.

तू गेल्याचा फोन मिलिंदनं केला. कापूस वेचणीचे दिवस, तू बांधावर बसून होतास म्हणे, आणि बसल्या जागी कललास. दवाखान्यापर्यंत नेलं, उपयोग झाला नाही. मी पोहोचलो तेव्हा पांढऱ्या कापडात तुझा चेहरा तेवढा उघडा होता. मी पायाशी बसलो. तिथेच बोलावं असं मनात आलं, पण माणसं येत होती, फुलं वाहत होती, आणि मी पुन्हा एकदा तुला न सांगता तसाच राहिलो.

पुण्यानुमोदनाला मात्र मी ठरवून आलो. त्रिशरण पंचशील झालं, तुझ्या वस्तीतले दोघं-तिघं बोलले, चांगलं बोलले. मग मिलिंद म्हणाला, काका बाबांबरोबर फौजेत होते, त्यांनी बोलावं. मी उभा राहिलो. काठीचा आवाज होऊ नये म्हणून ती खुर्चीला टेकवली आणि सांगितलं. वाट सरकली तिथपासून दवाखान्यातल्या सहीपर्यंत. ओट्यावर मी गप्प बसलो तेही सांगितलं. मिलिंद बोलला होता तो दिवस मात्र सांगितला नाही, ते चारचौघांत सांगायचं नव्हतं. मला वाटलं होतं मी रडेन. रडलो नाही. आवाज शेवटपर्यंत नीट राहिला, याचंच मला वाईट वाटलं.

मिलिंद मध्येच उठून बाहेर गेला होता. मी खाली बसलो. शेजारचा तो तरुण पोरगा थोडा सरकून बसला. माझ्यापासून दूर.

जेवणं झाल्यावर रत्नावहिनींनी मला आत बोलावलं. मला वाटलं, आता बोलतील, आणि बोलायचा त्यांना हक्क आहे. त्यांनी एकच विचारलं.

"भाऊजी, तुम्ही हाक मारलती ना त्यायले? का ते आपल्या मनानं आले?"

"मी मारली वहिनी. लय वेळा मारली."

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मले सारा जनम वाटे, या माणसानं काहीतरी वाईट केलं अन् लपवलं. विचारलं की चूप राहत. म्हणून मी विचारनंच सोडलं." त्या रडत नव्हत्या. "तुम्ही पहिले सांगतलं असतं तं मी त्यायच्यासंगं दुसऱ्या तऱ्हेनं राह्यली असती."

माझी फीत काढून घ्यायला कोणी साहेब उरलेला नाही, सुखदेव. पण त्या एका वाक्यानं जे काढून घ्यायचं ते घेतलं. तुझ्या घरात तुला रोज मिळायला हवी होती ती गोष्ट मी अडवून बसलो होतो, आणि हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी आपला बाहीकडेच पाहत राहिलो.

मिलिंदनं मला मोटारसायकलवर ढाणकीला आणून सोडलं. मी म्हणालो होतो, एसटीनं जातो, तो ऐकला नाही. अर्ध्यावर त्यानं गाडी तुरीच्या एका वावराशी थांबवली आणि उतरला. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मी त्यायले बोललो होतो काका. तुमच्यासमोर. तुम्ही चहा पिऊन राह्यलते."

मी म्हणालो, हो.

"तवा सांगतलं असतं तं..." मग त्यानं विचारायला सुरुवात केली. बाबा एकटेच परत वर गेले का? किती लांब होतं? अंगात काय होतं? शेवंती पुढे कुठे गेली? मला जे जे माहीत होतं ते सांगितलं. लंगरची गोष्ट, गुळाची गोष्ट, उस्ताद वऱ्हाडी शिकायला आला ती गोष्ट. एका ठिकाणी तो हसला आणि लगेच तोंड फिरवलं. शेवंतीचं शेवटी काय झालं ते मला माहीत नव्हतं. तू मला सांगितलं नव्हतंस, आणि मी कधी विचारलं नव्हतं.

त्यानं मला माफ केलं नाही. केलं असं मी लिहिणार नाही. माझ्या दारात गाडी उभी केली, आत ये म्हटलं तर आला नाही. वळताना म्हणाला, "हे सगळं लिहून द्या काका. आईले वाचून दाखवतो. अन् गावात बी वाचतो, त्या ओट्यावर."

म्हणून हे लिहिलं. हा कागद उद्या मिलिंद घेऊन जाईल. त्याचा तो दिवस ओट्यावर वाचायचा की नाही, ते त्यानंच ठरवावं. तुला पाठवायचा पत्ता माझ्याजवळ नाही, पण लिहिलं तुलाच, कारण त्या कॅप्टन साहेबांना जे सांगायचं राहिलं ते आता दुसऱ्या कोणाला सांगून भागणार नाही. खाली माझी सही आहे. मी शुद्धीवर होतो. तू नियमाप्रमाणे पुढे निघाला होतास. मी हाक मारली, आणि तू आलास.

माधव